ग्रंथालयात बाबासाहेबांचे दालन उभारताना : तयारी, कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील बहुतेक शासनमान्य ग्रंथालयांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर आहे आणि अनेक ठिकाणी त्यांच्या नावाचे एखादे कपाटही आहे. त्या कपाटाची किल्ली मात्र बहुधा टेबलाच्या खणात असते. देवघेव नोंदवही चाळली, तर त्यातील एखादे पुस्तक वाचकाने घरी नेल्याची नोंद सापडायला बरीच पाने उलटावी लागतात. कार्यकर्त्यांची आस्था यात कमी पडत नाही. चुकतो तो कामाचा क्रम. आधी कार्यक्रमाची तारीख ठरते, मग पाहुणे, मग फलक आणि उरलेल्या पैशांत मिळतील ती पुस्तके. पुढील टप्पे हा क्रम उलटा करून मांडले आहेत. नायगावच्या सावित्रीबाई फुले किंवा वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांच्या नावाने दालन करायचे असेल, तरी हाच क्रम चालेल. पुस्तके आणि कागद तेवढे बदलतील.

हे काम जूनमध्ये हाती घेतले तर नोव्हेंबरपर्यंत नीट उभे राहते. फेब्रुवारीत सुरुवात करून १४ एप्रिल गाठण्याचा आग्रह धरला, की त्यातून फक्त फलक तयार होतो.

टप्पा १ : ठराव आणि समिती

कार्यकारी मंडळाच्या सभेत लेखी ठराव घ्यावा आणि त्याची नोंद इतिवृत्तात करावी. दालनासाठी दरवर्षी किती रक्कम राखून ठेवली जाईल, पुस्तके घरी नेता येतील की नाही आणि दालनाची जबाबदारी कोणावर राहील, या तीन गोष्टी ठरावात स्पष्ट असाव्यात. पदाधिकारी बदलले की तोंडी ठरलेले विसरले जाते आणि नव्या मंडळाला ते दालन पूर्वीच्या अध्यक्षांची हौस वाटू लागते. म्हणून ठराव ग्रंथालयाचा असावा, व्यक्तीचा नसावा.

समिती पाच ते सात जणांची पुरे. तिचे सचिवपद ग्रंथपालांकडे असावे. समितीत किमान दोन महिला, एक शिक्षक आणि ज्या वस्त्यांतून आजवर फारसे सभासद आले नाहीत तेथील दोघे तरी असावेत. या दोघांना उद्घाटनाच्या दिवशी व्यासपीठावर बसवण्यासाठी नव्हे, तर पुस्तकांची यादी ठरवण्यासाठी बोलवायचे आहे. बुद्धविहारातील एखादे ज्येष्ठ काका किंवा महिला मंडळाच्या ताई यांना कोणते पुस्तक वस्तीत हातोहात फिरते आणि कोणते कोणी उघडत नाही, हे प्रकाशकांच्या सूचीपेक्षा अधिक नेमके माहीत असते.

सावधान : समिती एकाच समाजाची करून ‘त्यांचे दालन त्यांनी सांभाळावे’ अशी वाटणी करू नये. १९२७ मध्ये महाडचे चवदार तळे सर्वांसाठी खुले असावे म्हणून सत्याग्रह करणाऱ्या माणसाच्या नावाचे दालन एका गटाकडे सोपवणे, हे त्या कामाच्या मुळावरच येते.

टप्पा २ : असलेल्या पुस्तकांची मोजदाद

नवे पुस्तक विकत घेण्याआधी दाखल नोंदवही उघडावी आणि बाबासाहेबांचे लेखन, त्यांची चरित्रे व त्यांच्या चळवळीविषयीची पुस्तके यांची दाखल क्रमांकांसह यादी करावी. नंतर ती यादी हातात घेऊन प्रत्येक पुस्तक फडताळावर प्रत्यक्ष आहे का, ते पाहावे. नोंदवहीत असलेले पुस्तक जागेवर नसते, दोन खंडांपैकी एकच सापडतो, बांधणी सुटलेली असते, एखाद्या प्रतीची शेवटची पाने कसरीने खाल्लेली असतात. हे सारे आत्ताच कळलेले बरे.

प्रत्येक पुस्तकासमोर तीन गोष्टी लिहाव्यात : भाषा, स्थिती आणि गेल्या तीन वर्षांत ते किती वेळा घरी नेले गेले. तिसरा रकाना भरायला वेळ लागतो म्हणून तो सहसा गाळला जातो. पण खरेदीचा सर्व निर्णय त्याच रकान्यावर अवलंबून आहे. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘लेखन आणि भाषणे’ या मालेचे खंड अनेक ग्रंथालयांत असतात, परंतु त्यांपैकी बहुतेक इंग्रजीत आहेत. खंड जाड, भाषा इंग्रजी आणि मजकूर विधिमंडळातील चर्चांपासून चलनाच्या अर्थशास्त्रापर्यंत पसरलेला. असा खंड तालुक्याच्या गावातील वाचक सहज उचलत नाही. तो उचलला गेला नाही याचा अर्थ बाबासाहेबांना वाचक नाही, असा काढू नये. त्या वाचकाच्या हाती देण्याजोगे पुस्तक आपल्याकडे नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

पडताळणी : या टप्प्याअखेर ‘आहे’, ‘दुरुस्त करायचे’ आणि ‘हवे’ अशा तीन याद्या हाती असल्या पाहिजेत. त्या तयार नसतील तर खरेदीला हात घालू नये.

टप्पा ३ : खरेदी

खरेदी मार्चअखेर अनुदान संपवण्याच्या घाईत करू नये. त्या घाईत विक्रेता देईल तो संच घेतला जातो आणि त्यात एकाच चरित्राच्या पाच संक्षिप्त आवृत्त्या येतात.

पहिला पैसा मराठी पुस्तकांवर खर्च करावा. शासनाच्या मालेतील १८ वा खंड तीन भागांचा असून त्यात बाबासाहेबांची मराठी भाषणे आहेत. ती मुळातच गावोगावच्या साध्या श्रोत्यांसमोर झालेली असल्याने मोठ्याने वाचायला ती फार सोयीची आहेत. हे तिन्ही भाग प्रत्येकी दोन प्रतींत घ्यावेत. चरित्रांमध्ये चांगदेव खैरमोडे यांचे बहुखंडी चरित्र आपल्या भागातील ग्रंथालयात असायलाच हवे, कारण खैरमोडे सातारा जिल्ह्यातील पाचवडचे. ते पूर्ण वाचणारे थोडे असतील, पण संदर्भासाठी त्याची गरज वारंवार भासते. एका खंडात आटोपणारे चरित्र हवे असलेल्या वाचकासाठी धनंजय कीर यांचे चरित्र ठेवावे. शाळकरी मुलांसाठी वेगळी पुस्तके घ्यावीत आणि ती निवडताना समितीतील शिक्षकांनी किमान वीस पाने स्वतः वाचावीत. मुलांच्या चरित्रांत चमत्कारांसारखे रंगवलेले प्रसंग आणि मनाने रचलेले संवाद फार आढळतात.

भारताच्या संविधानाच्या मराठी प्रती किमान चार असाव्यात. ग्रंथालयाला जोडून अभ्यासिका असेल तर स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी त्यांतील दोन कायम अडवून ठेवतील, आणि तसे व्हायलाच हवे. उरलेल्या दोन प्रती इतर वाचकांसाठी बाजूला ठेवाव्यात.

मग इंग्रजी खंडांकडे वळावे. सर्व खंड एकदम घेण्याची गरज नाही. पहिला खंड, ज्यात ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ आहे. दहावा, ज्यात १९४२ ते १९४६ या काळातील मजूरमंत्री म्हणून केलेले काम आहे. बारावा, ज्याचा उपयोग पुढे दिसेलच. आणि चौदावा, ज्यात हिंदू कोड बिलावरील चर्चा आहे, एवढ्यांपासून सुरुवात करावी. शासकीय ग्रंथागारात हे खंड तुलनेने स्वस्त मिळतात, पण एखादा खंड दीर्घकाळ शिल्लक नसतो. म्हणून हव्या असलेल्या खंडांची यादी तेथे देऊन ठेवावी आणि दर दोन महिन्यांनी चौकशी करावी. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांतूनही पुस्तके मिळू शकतात; त्यासाठी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चालू वर्षाचे नियम आधी समजून घ्यावेत.

सांगलीच्या ग्रंथालयांनी अण्णा भाऊंची ‘फकिरा’ या दालनात अवश्य ठेवावी. ती कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे, आणि ललित वाचणाऱ्या वाचकाला चळवळीच्या पुस्तकांकडे आणणारा याहून सरळ रस्ता मला माहीत नाही.

सावधान : दुर्मिळ पुस्तकाची झेरॉक्स काढून बांधणी करण्याआधी कायदा पाहावा. भारतात विक्रीला उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी करता येतात. दुकानात मिळणाऱ्या पुस्तकाला ही सवलत लागू नाही. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील स्वामित्वहक्काची मुदत २०१६ अखेर संपली आहे, पण त्या लेखनाच्या अनुवादांवर आणि संपादकीय टिपांवर त्या-त्या व्यक्तींचे हक्क असू शकतात, तर मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत प्रसिद्धीच्या वर्षापासून मोजली जाते.

टप्पा ४ : नोंद, वर्गीकरण आणि मांडणी

सर्वांत जास्त नुकसान या टप्प्यावरील आळसाने होते. बाबासाहेबांचे लेखन एका विषयात मावत नाही. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या दशांश वर्गीकरणात ३३२.४ मध्ये येतो, संविधानविषयक लेखन ३४२ मध्ये, बौद्ध धम्मावरील २९४.३ मध्ये आणि मजुरांच्या प्रश्नांवरील ३३१ मध्ये. सारे उचलून एका कपाटात नेले की अर्थशास्त्राच्या फडताळावर येणाऱ्या विद्यार्थ्याला या विषयावर बाबासाहेबांनी लिहिले आहे, हे कधी कळतच नाही. त्याच्या लेखी ते फक्त जयंतीचे पुरुष राहतात. यावर साधा उपाय असा, की पुस्तक दालनात ठेवावे आणि मूळ जागी त्याच उंचीची पुठ्ठ्याची खूणपट्टी उभी करून तिच्यावर पुस्तकाचे नाव व ‘आंबेडकर दालनात पाहावे’ असे लिहावे. दोन प्रती असतील तर एक मूळ विषयातच राहू द्यावी.

दुसरे काम त्याहून किचकट आहे. ‘लेखन आणि भाषणे, खंड १२’ एवढीच नोंद तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत असेल, तर ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे बाबासाहेबांचे आत्मकथनपर लेखन शोधणाऱ्या वाचकाला ते ग्रंथालयात असूनही सापडणार नाही, कारण ते त्या खंडाच्या पोटात आहे. प्रत्येक खंडाची अनुक्रमणिका समोर घेऊन त्यातील महत्त्वाच्या लेखनाची स्वतंत्र तालिकापत्रे करावीत, किंवा संगणकीय प्रणाली असल्यास आशयाच्या रकान्यात ती नावे देवनागरीत भरावीत. एका खंडाला साधारण एक दुपार लागते. ही दुपार वाचवणाऱ्या ग्रंथालयात खंड असूनही नसल्यासारखे होतात.

दालनाची जागा प्रवेशद्वारातून दिसणारी असावी आणि कपाट उघडे असावे. पुस्तके चोरीला जातील ही भीती अगदीच खोटी नाही, पण दुर्मिळ प्रती तेवढ्या संदर्भ विभागात ठेवून बाकी सारे मुक्तद्वार ठेवणे हाच मार्ग आहे. काचेमागे ठेवलेले पुस्तक मागून घेण्याचा धीर नव्या वाचकाला, विशेषतः शाळकरी मुलीला, होत नाही.

सांगली, मिरज, पलूस आणि वाळवा या कृष्णाकाठच्या भागांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांचा अनुभव लक्षात घेऊन दालन शक्यतो वरच्या मजल्यावर असावे. तळमजल्याशिवाय जागा नसेल तर सर्वांत खालचे फडताळ रिकामे ठेवावे आणि पाणी वाढल्यास कोणते कपाट आधी हलवायचे हे जूनमध्येच लिहून भिंतीवर लावावे. साताऱ्याच्या पश्चिमेकडील पावसाळी गावांत ओल आणि वाळवी हे शत्रू आहेत. तेथे कपाट भिंतीपासून निदान वीतभर पुढे असावे.

पडताळणी : ग्रंथालयाशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला बोलवावे आणि तीन पुस्तकांची नावे देऊन कोणालाही न विचारता ती शोधायला सांगावीत. दहा मिनिटांत तिन्ही सापडली नाहीत तर मांडणी पुन्हा तपासावी.

टप्पा ५ : न येणाऱ्या वाचकासाठी वाट

दालन तयार झाले की लगेच कार्यक्रम घेण्याची घाई होते. त्याआधी सभासद नोंदवही घेऊन बसावे आणि शहराच्या किंवा गावाच्या कोणत्या भागातून एकही सभासद नाही, ते नकाशावर खुणेने दाखवावे. ती खूण जेथे पडेल तेथे दालनाचे खरे काम आहे.

अडथळे सहसा तीन असतात. अनामत रक्कम हा पहिला. विद्यार्थ्यांसाठी आणि रोजंदारीवर काम करणाऱ्यांसाठी ती माफ करण्याचा ठराव करावा. त्यातून बुडणाऱ्या पुस्तकांची किंमत दालनाच्या वार्षिक रकमेत धरावी. वेळ हा दुसरा अडथळा. सकाळी नऊ ते दुपारी बारा आणि संध्याकाळी चार ते सात उघडे असणारे ग्रंथालय बांधकामावरील, औद्योगिक वसाहतीतील आणि शेतावरील माणसासाठी बंदच असते. आठवड्यातून एक दिवस तरी ते रात्री नऊपर्यंत उघडे ठेवावे. ओळखपत्र व जामीनदार सभासदाची अट हा तिसरा. ज्या वस्तीत एकही सभासद नाही तेथील माणसाने जामीनदार आणायचा कोठून? शाळेच्या मुख्याध्यापकांचे किंवा ग्रामसेवकांचे पत्र त्याऐवजी चालावे.

साखर कारखान्यांच्या परिसरातील ग्रंथालयांना याहून मोठे काम करता येईल. गाळप हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या तळावर पन्नास-साठ पुस्तकांची पेटी ठेवता येते. तिच्यात मुलांची पुस्तके अधिक असावीत, अक्षर मोठे असावे आणि तळावरील वाचता येणाऱ्या एका मुलीकडे किंवा मुलाकडे नोंदवही द्यावी. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे ७ नोव्हेंबरचा विद्यार्थी दिवस, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन आणि ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन हे दिवस बहुधा त्यातच येतात. पेटीतली काही पुस्तके परत येणार नाहीत. ती गहाळ म्हणून न लिहिता वाटप म्हणून लिहावीत आणि त्यासाठी पेटीत सुरुवातीपासूनच स्वस्त आवृत्त्या घालाव्यात.

टप्पा ६ : घरोघरचे कागद आणि आठवणी

बाजारात विकत मिळत नाही ते आपल्या भागातील घरांत आहे. बाबासाहेबांच्या ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ या पत्रांचे अंक, १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेला गेलेल्यांची छायाचित्रे, आंबेडकरी जलशांच्या गाण्यांच्या वह्या, वसतिगृहाच्या पावत्या, परिषदांची हस्तपत्रके. हे कागद माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्यांत आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांतले थोडे नष्ट होतात. माझ्या मते ग्रंथालयाने हाती घेण्याजोगे सर्वांत तातडीचे काम हेच आहे, कारण पुस्तके पुढच्या वर्षीही छापली जातील.

यात पुढील क्रम पाळावा.

१. मूळ कागद मागू नयेत. ‘आम्ही त्याची प्रत करून आजच परत देतो’ असे सांगावे आणि तसेच करावे. घरी जाऊन किंवा ग्रंथालयात कुटुंबीयांच्या समोर किमान ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करावे. कुटुंबाला स्वतःहून मूळ कागद द्यायचा असेल तरच लेखी दानपत्र करून घ्यावा आणि पोच द्यावी.

२. स्कॅन करताच त्याच वेळी कागद कोणाचा, छायाचित्रात कोण आहे, साल कोणते, स्थळ कोणते हे विचारून लिहावे. हे ‘नंतर करू’ म्हणून ठेवले, तर ओळख पटवणारी माणसे पुढच्या वेळी भेटतीलच असे नाही.

३. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये आणि त्याचे लॅमिनेशन तर मुळीच करू नये. केलेले लॅमिनेशन काढता येत नाही आणि कागद आतल्या आत पिवळा पडत जातो. साध्या पांढऱ्या आम्लविरहित कागदाच्या घडीत, आडवा, अंधाऱ्या व कोरड्या जागी तो ठेवावा.

४. मुलाखत घेताना संमतिपत्र आधी वाचून दाखवावे आणि त्यात तीन पर्याय द्यावेत : सर्वांसाठी खुली, फक्त ग्रंथालयात ऐकण्यासाठी, अमुक वर्षांपर्यंत बंद.

प्रश्न कसे विचारले जातात यावर मुलाखतीचे मोल ठरते. ‘बाबासाहेबांपासून तुम्हाला काय प्रेरणा मिळाली?’ असे विचारले तर भाषण ऐकायला मिळते. ‘आजी, तुमच्या लहानपणी पाणी कोठून भरायचा? विहिरीवर आधी कोण जायचे? तुम्ही शाळेत कोठे बसायचा?’ असे विचारले तर गाव डोळ्यांसमोर उभे राहते. प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसणे हे मुलाखत घेणाऱ्याचे अर्धे काम आहे.

सावधान : आठवणींत गावातील माणसांची नावे येतात, आणि अन्याय करणाऱ्यांची व सोसणाऱ्यांचीही मुले-नातवंडे आज शेजारी राहत असतात. मूळ ध्वनिमुद्रण जसेच्या तसे जपावे, पण प्रदर्शनात किंवा पुस्तिकेत हयात व्यक्तींची नावे घालू नयेत. सांगणाऱ्या व्यक्तीला त्रास होण्याची शक्यता वाटली तर ‘बंद’ हा पर्याय आपणहून सुचवावा.

टप्पा ७ : फलक आणि भिंतीवरील मजकूर

फलक आता करायचा. त्यासाठी नियम एकच : ग्रंथाचे नाव, तारीख आणि पान देता येत नसेल ते वचन भिंतीवर लावू नये. ‘वाघिणीचे दूध’ हे वचन शेकडो फलकांवर दिसते, पण त्याखाली भाषणाचे स्थळ व दिनांक लिहिलेला क्वचितच आढळतो. ग्रंथालय हे शहानिशा करण्याचे ठिकाण असल्याने सभामंडपाला चालते ते त्याला चालणार नाही. १८ व्या खंडात स्थळ-दिनांकासह भाषणे उपलब्ध असताना भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या सुविचारांची गरजही नाही.

साताऱ्याच्या संदर्भातील मजकुरात हमखास गोंधळ होतो, म्हणून पक्क्या गोष्टी येथे देतो. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला, साताऱ्यात नव्हे. साताऱ्यातील तेव्हाच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचा प्रवेश ७ नोव्हेंबर १९०० रोजी झाला. हाच दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये वर्णन केलेला बाबासाहेबांचा व त्यांच्या भावंडांचा १९०१ च्या उन्हाळ्यातील प्रवास मसूर स्थानकापासून खटाव तालुक्याकडे झाला, मुक्कामाच्या गावाचे नाव कोठे कोरेगाव, तर कोठे गोरेगाव असे छापलेले आढळते. आपण ज्या आवृत्तीतून उतारा घेतला तिच्यातील रूप ठेवावे आणि खाली आवृत्तीचे नाव द्यावे. मनाने दुरुस्ती करू नये.

फलकावर देणगीदारांची नावे बाबासाहेबांच्या नावापेक्षा लहान अक्षरात आणि खाली असावीत. राजकीय पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे दालनात नकोत. हे ठरावातच लिहून ठेवलेले असेल तर ऐनवेळी कोणाला नाही म्हणण्याचा अवघड प्रसंग येत नाही.

टप्पा ८ : दालन खुले करणे आणि वाचन

उद्घाटनासाठी १४ एप्रिल टाळावा, असे माझे ठाम मत आहे. त्या दिवशी लोक विहारांत, मिरवणुकीत आणि घरच्या आनंदात असतात. ग्रंथालयाने त्यांना सभागृहात बसवण्याचा प्रयत्न करू नये. त्या दिवशी ग्रंथालयाने मिरवणुकीच्या वाटेवर पुस्तकांचे टेबल लावावे आणि तेथेच नव्या सभासदांची नोंद करावी. दालन खुले करण्यासाठी ७ नोव्हेंबर हा दिवस योग्य आहे, आणि साताऱ्यासाठी तर तो घरचाच आहे. मात्र काही वर्षी हा दिवस शाळांच्या दिवाळी सुट्टीत येतो. शाळेचे वेळापत्रक ऑगस्टमध्येच पाहून घ्यावे. सुट्टी असेल तर दालन त्या दिवशी खुले करून मुलांचे वाचन शाळा सुरू झाल्यावर, २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनापर्यंत घ्यावे.

कार्यक्रमात भाषणे दोनच असावीत आणि बाकी वेळ वाचनाला द्यावा. मसूरच्या प्रवासाचा उतारा यासाठी फार योग्य आहे. भिंतीवर सातारा जिल्ह्याचा मोठा नकाशा लावावा. एका विद्यार्थिनीने मराठी अनुवादातून वाचावे आणि दुसरीने सातारा, कराड तालुक्यातील मसूर आणि तेथून खटावकडचा रस्ता बोटाने दाखवत जावे. न्यायला कोणी न आलेली मुले स्थानकावर थांबली आहेत, त्यांची जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरतो, दुप्पट भाडे देऊनही गाडीवान त्यांच्याबरोबर गाडीत बसायला तयार नाही, रस्त्यात प्यायला पाणी मिळत नाही. ऐकणाऱ्या मुलांनी त्याच स्थानकावरून गाडी पकडलेली असते. मग वेगळे विवेचन करावे लागत नाही. जाहीर वाचनासाठी वाजवी लांबीचा उतारा घेण्यास कायद्याची आडकाठी नाही, पण अनुवादकाचे नाव वाचनाआधी घ्यावे.

त्यानंतर महिन्यातून एकदा वाचनमंडळ चालवावे. एक भाषण घ्यावे, पाऊण तास मोठ्याने वाचावे आणि अर्धा तास बोलावे. सूत्रधाराने दोन पथ्ये पाळावीत : बोलणाऱ्याने मजकुरातील ओळ दाखवून बोलावे, आणि कोणत्याही हयात पुढाऱ्याचे नाव चर्चेत येऊ नये. मतभेद होतील. बाबासाहेबांचे लिखाण वाचताना ज्यांना अस्वस्थ वाटते अशा लोकांनीही तेथे बसावे, हीच अपेक्षा आहे. म्हणून त्यांना टोकणे किंवा त्यांच्याकडून घोषणा वदवून घेणे टाळावे.

पडताळणी : तिसऱ्या महिन्यात उपस्थितीची वही पाहावी. सर्व नावे एकाच वस्तीतील किंवा एकाच वयाची असतील तर वेळ आणि जागा बदलावी. एखादी बैठक समाजमंदिरात, एखादी शाळेत घेता येते.

टप्पा ९ : वर्षअखेरचा हिशेब

पुढच्या जूनमध्ये समितीने एका बैठकीत पाच आकडे वहीत लिहून मंडळासमोर ठेवावेत : दालनातील किती पुस्तके घरी नेली गेली, किती नवे सभासद झाले आणि ते कोणत्या भागांतील आहेत, किती घरांतील कागद स्कॅन झाले, वाचनमंडळाला सरासरी किती जण आले, आणि राखून ठेवलेल्या रकमेपैकी किती खर्च झाली. शासनाच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालय पुरस्कारासाठी अर्ज करायचा असेल तर हीच वही उपयोगी पडते, पण पुरस्कारासाठी आकडे फुगवू नयेत.

जे पुस्तक एकदाही उघडले गेले नाही ते काढून टाकण्याआधी वाचनमंडळात एकदा वाचून पाहावे. जे पुस्तक सारखे बाहेर असते त्याच्या आणखी दोन प्रती घ्याव्यात. जे हरवले ते त्याच महिन्यात पुन्हा विकत घ्यावे, कारण हरवलेले पुस्तक कोणाच्या तरी घरी वाचले जात असण्याची शक्यता मोठी आहे आणि त्याची रिकामी जागा पाहून परतणारा पुढचा वाचक पुन्हा विचारायला येत नाही. स्कॅन केलेल्या कागदांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी, त्यांपैकी एक ग्रंथालयाच्या इमारतीबाहेर, ठेवलेल्या आहेत ना, आणि त्या उघडतात ना, हे त्याच दिवशी संगणकावर प्रत्यक्ष पाहून वहीत तारीख घालावी.